डायलॉग उघडल्यानंतर त्याची सेटिंग बदलायची कशी

वेबपानावर डायलॉग उघडणं हे काही फार अवघड काम नाही. तो उघडा असताना त्याच्यात फेरबदल करायची वेळ आली की खरी कसरत सुरू होते. समजा, फाईल चढवायचा एक छोटा डायलॉग आहे. वापरणाऱ्याने फाईल निवडली, चढवणं सुरू झालं. आता शीर्षक बदलायला हवं, 'चढवा' हे बटण निष्क्रिय व्हायला हवं, आणि कुणी फुलीवर टिचकी मारून किंवा एस्केप दाबून मध्येच बाहेर पडू नये याचीही सोय करायला हवी. काम पूर्ण झालं की चढलेल्या फायलींची यादी दाखवायला तोच डायलॉग जरा रुंद करायचा आणि बंद करायची मुभा परत द्यायची. लेखभर हेच उदाहरण धरून चालू.

नवशिका इथे सेटिंग बदलणारी एक ओळ लिहितो आणि पान चालवून बघतो. शीर्षक बदललेलं दिसतं, रुंदीही बदलते, पण मागचा काळपट पडदा काही केल्या जात नाही. कन्सोलमध्ये लाल अक्षर नाही, कुठे चूक नाही. मग तीच ओळ चार वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहणं सुरू होतं. ओळ बरोबरच असते. ती सेटिंग वाचायची वेळ टळून गेलेली असते, एवढंच.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाईप करताना अर्थातच ती मूळ रोमन स्पेलिंगनेच करायची.)

पायरी १ : समोरचा डायलॉग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

जात ओळखल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

अलर्ट, कन्फर्म आणि प्रॉम्प्ट या ब्राउझरच्या स्वतःच्या खिडक्या उघडल्यानंतर बदलता येतच नाहीत. त्या उघड्या असेपर्यंत पानाचं जावास्क्रिप्ट थांबून राहतं, मग बदलणार तरी कोण? शीर्षक, बटणांची नावं, आकार यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. ते हवं असेल तर दुसरा प्रकार निवडा.

विंडो-ओपन वापरून उघडलेली वेगळी खिडकी असेल, तर रिसाइझ-टू आणि मूव्ह-टू या मेथडनी तिचा आकार आणि जागा बदलता येते. तेही ती खिडकी स्क्रिप्टने उघडलेली असेल आणि तिच्यात एकच टॅब असेल तरच. उघडताना दिलेली बाकीची वैशिष्ट्यं नंतर बदलत नाहीत. फोनवर तर हा सगळा प्रकार विसरूनच जा.

उरले पानाच्या आत बनवलेले डायलॉग, आणि आपलं काम बहुतेक त्यांच्याशीच असतं. डायलॉगवर उजवी टिचकी मारून 'इन्स्पेक्ट' करा आणि एलिमेंट बघा. टॅगचं नावच 'डायलॉग' असेल तर तो एचटीएमएलचा स्वतःचा. भोवतीच्या डिव्हवर 'यूआय-डायलॉग' हा क्लास दिसला तर जेक्वेरी यूआय या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररीचा. 'मोडल' क्लासच्या आत 'मोडल-डायलॉग' क्लास असेल तर बहुधा बूटस्ट्रॅप या दुसऱ्या लायब्ररीचा. यातलं काहीच नसेल तर तो कुणीतरी हाताने बांधलेला आहे, आणि त्याची सेटिंग म्हणजे त्याचं सीएसएस आणि त्याचे इव्हेंट, एवढंच.

पायरी २ : सेटिंग कधी वाचली जाते ते ठरवा

लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. डायलॉगची प्रत्येक सेटिंग ठरावीक वेळी वाचली जाते आणि त्या वेळा चार असतात.

काही सेटिंग डायलॉग पहिल्यांदा तयार होताना वाचल्या जातात. जेक्वेरी यूआयमधलं 'ऑटो-ओपन' हे त्यातलं ठळक उदाहरण. तयार झाल्याबरोबर डायलॉग आपोआप उघडायचा की नाही, एवढंच ते ठरवतं. उघड्या डायलॉगवर ते बदलून काही हलणार नाही.

काही सेटिंग प्रत्येक वेळी उघडताना वाचल्या जातात. मागचा पडदा टाकायचा की नाही आणि उघडताना ॲनिमेशन कोणतं, या त्यातल्या. उघड्या डायलॉगवर त्या बदलल्या तर परिणाम पुढच्या खेपेला दिसेल.

तिसरा गट गरज पडेल तेव्हा वाचला जाणाऱ्यांचा. एस्केप दाबल्यावर बंद व्हायचं की नाही, हे की दाबल्याच्या क्षणी तपासलं जातं. म्हणून अशी सेटिंग कधीही बदला, लगेच लागू होते. बंद होतानाचं ॲनिमेशनही तसंच. डायलॉग उघडा असताना ते बदललं तर त्याच बंद होण्याला नवीन ॲनिमेशन मिळतं.

चौथ्या गटातल्या सेटिंगवर लायब्ररी स्वतः लक्ष ठेवते. किंमत बदलली की ती त्याच क्षणी पडद्यावर उतरवते. शीर्षक, बटणं, रुंदी, उंची, जागा या त्यातल्या.

तुमची सेटिंग चौथ्या किंवा तिसऱ्या गटात असेल तर एका ओळीत काम होतं. दुसऱ्या गटात असेल तर डायलॉग बंद करून, सेटिंग बदलून परत उघडावा लागतो. पहिल्या गटात असेल तर डायलॉग मोडून नव्याने तयार करण्यावाचून इलाज नाही. मात्र ती वेळ फार क्वचित येते. लोक उगाचच दर वेळी मोडून बांधत बसतात आणि मग इव्हेंट दुप्पट जोडले गेल्याची तक्रार करतात.

एक सावधगिरी. सेटिंगची किंमत बदलून लगेच परत वाचून पाहिली तर नवीन किंमतच मिळते, मग पडद्यावर काही घडलेलं असो वा नसो. 'मोडल' म्हणजे मागे पडदा टाकून बाकीचं पान अडवायचं की नाही हे ठरवणारी सेटिंग. ती खोटी (फॉल्स) केली आणि वाचली तर उत्तर 'खोटं' असंच येईल. पडदा मात्र जागच्या जागी. त्यामुळे वाचून खात्री करण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी बघा, नाहीतर एलिमेंट तपासा.

जेक्वेरी यूआयचा डायलॉग

हे जुनं गाडं २००७ सालापासून धावतंय आणि २०२१ पासून त्याचं काम देखभालीपुरतंच चालू आहे. नवीन काम हाती घेत असाल तर मी ते सुचवणार नाही. पण कार्यालयांच्या आतल्या कितीतरी प्रणाली आजही त्याच्यावर उभ्या आहेत आणि अशा प्रणालींची डागडुजी नवशिक्यांच्याच गळ्यात पडते, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

सेटिंग बदलायची मेथड 'ऑप्शन'. डायलॉगच्या एलिमेंटवर 'डायलॉग' हे फंक्शन बोलवायचं, पहिला आर्ग्युमेंट 'ऑप्शन' हा शब्द, दुसरा सेटिंगचं नाव, तिसरा नवीन किंमत. तिसरा दिला नाही तर सध्याची किंमत मिळते. एकदम चार सेटिंग बदलायच्या असतील तर 'ऑप्शन' नंतर सरळ एक ऑब्जेक्ट द्या. हे जास्त बरं, कारण रुंदी आणि उंची दोन्ही बदलत असतील तर आकाराचा आणि जागेचा हिशोब एकदाच होतो आणि डायलॉग दोनदा दचकत नाही.

'ऑप्शन' हा शब्द गाळून 'डायलॉग' फंक्शनला थेट नवीन सेटिंगचा ऑब्जेक्ट दिला तरी चालतं, आणि म्हणूनच ते फसवं आहे. डायलॉग आधीच तयार असेल तर सेटिंग बदलल्या जातात खऱ्या, पण सोबत सुरुवातीचा भागही पुन्हा चालतो. 'ऑटो-ओपन' खरं असेल (आणि काही न सांगता ते खरंच असतं) तर बंद असलेला डायलॉग अचानक उघडून समोर उभा राहतो. सेटिंग बदलायला 'ऑप्शन' वापरायची सवय लावून घ्या.

डायलॉग तयार होण्याआधीच मेथड बोलावली, अशी तक्रार कन्सोलमध्ये दिसली तर तीन शक्यता तपासा. तुमचा सिलेक्टर दुसऱ्याच एलिमेंटकडे बोट दाखवत असेल. किंवा तो एलिमेंट सर्व्हरकडून मागाहून आला असेल आणि त्याच्यावर डायलॉग तयार केलेलाच नसेल. नाहीतर पानात जेक्वेरी दोनदा लोड झालं असेल. ही तिसरी शक्यता सापडायला सर्वांत अवघड, कारण पहिल्या प्रतीने बनवलेला डायलॉग दुसरीला ठाऊकच नसतो.

आता एकेक सेटिंग बघू.

शीर्षक तत्काळ बदलतं. १.१० या आवृत्तीपासून शीर्षकात दिलेला मजकूर साधा मजकूर म्हणूनच घेतला जातो. त्यात ठळक अक्षरांचा टॅग घातला तर तो टॅग जसाच्या तसा छापला जाईल. हे सुरक्षेसाठी केलंय आणि योग्यच आहे. फाईलचं नाव शीर्षकात दाखवताना त्या नावात कुणी काय भरलं असेल याचा भरवसा नसतो.

बटणांच्या बाबतीत मात्र थांबून विचार करा. 'बटन्स' ही सेटिंग बदलली की खालची सगळी बटणं पुसली जातात आणि नव्याने बनतात. एकच बटण दिलंत तर बाकीची गेली. शिवाय ज्या बटणावर फोकस होता तेच नाहीसं झाल्यामुळे कीबोर्डवर काम करणारा माणूस रस्त्यातच राहतो. फक्त 'चढवा' हे एक बटण निष्क्रिय करायचं असेल तर सगळा संच बदलू नका. डायलॉग तयार करतानाच त्या बटणाला एक आयडी द्या आणि नंतर त्या आयडीवरून बटण पकडून ते निष्क्रिय करा. हे बटण तुमच्या मूळ डिव्हच्या आत शोधू नका, तिथे ते सापडणार नाही. जेक्वेरी यूआय तुमच्या डिव्हभोवती एक मोठा डिव्ह बांधतं आणि शीर्षकपट्टी, फुली, बटणांची पट्टी हे सगळं त्या बाहेरच्या डिव्हमध्ये असतं. 'विजेट' ही मेथड तो बाहेरचा डिव्ह हातात देते; शोध तिथून सुरू करा.

हा बाहेरचा डिव्ह पानाच्या शेवटी नेऊन ठेवलेला असतो, हेही लक्षात असू द्या. डायलॉगमधली माहिती भरायची खोकी एखाद्या फॉर्मच्या आत होती असं तुम्हाला वाटत असतं. प्रत्यक्षात ती फॉर्ममधून बाहेर पडलेली असतात, आणि फॉर्म पाठवल्यावर सर्व्हरला रिकामे हात मिळतात. 'अपेंड-टू' या सेटिंगने डायलॉग फॉर्मच्या आत ठेवता येतो.

बटणाच्या क्लिक फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे डायलॉगचा एलिमेंट. त्यामुळे त्या फंक्शनमधूनच 'धिस' वर 'ऑप्शन' बोलावून शीर्षक बदलता येतं. मात्र ॲरो फंक्शन लिहिलंत तर 'धिस' चा अर्थ बदलतो आणि ओळ फसते.

रुंदी बदलली की आकाराबरोबर जागेचाही हिशोब पुन्हा होतो, म्हणून डायलॉग वाढल्यावरही मध्यभागी राहतो. मुळात काही न सांगता रुंदी ३०० पिक्सेल असते आणि किमान रुंदी १५०. तुम्ही १०० दिलीत तर १५० च मिळेल, किमान रुंदीही कमी केल्याशिवाय. यादी दाखवायला ६०० करायची असेल तर आधी खिडकीची रुंदी मोजा आणि दोघांतली लहान संख्या द्या, नाहीतर फोनवर अर्धी यादी पडद्याबाहेर.

वापरणाऱ्याने डायलॉग ओढून कोपऱ्यात नेला असेल तर? ओढणं थांबलं की लायब्ररी ती नवीन जागाच 'पोझिशन' म्हणून नोंदवून ठेवते. मग रुंदी वाढवली तरी डायलॉग मध्यभागी उडी मारत नाही, जिथे नेला तिथेच राहतो. हे चांगलं आहे. माणसाने मुद्दाम बाजूला सारलेली वस्तू पुन्हा त्याच्या डोळ्यासमोर आणू नये. पण मजकूर वाढला आणि त्याने उंची वाढली, तर जागेचा हिशोब आपोआप होत नाही. सर्व्हरवरून लांबलचक यादी आली की डायलॉग खालच्या बाजूने पडद्याबाहेर जातो. त्यावर उपाय म्हणजे सध्याची 'पोझिशन' वाचायची आणि तीच किंमत परत लिहायची. दिसायला निरर्थक ओळ, पण लिहिण्याच्या निमित्ताने हिशोब नव्याने होतो. फोन आडवा केला किंवा खिडकीचा आकार बदलला तरी हीच ओळ कामी येते.

आणि आता तो हट्टी पडदा. 'मोडल' ही सेटिंग उघडताना वाचली जाते. उघड्या डायलॉगवर ती खरी केली तर पडदा पडत नाही. त्यानंतर 'ओपन' बोलावलं तरी पडत नाही, कारण डायलॉग आधीच उघडा आहे हे बघून ती मेथड फक्त त्याला पुढे आणते आणि परत फिरते. उलट दिशेला तर आणखी गंमत आहे. पडद्यासकट उघडलेल्या डायलॉगवर 'मोडल' खोटं केलंत आणि मग तो बंद केलात, तर डायलॉग जातो आणि पडदा मागे उरतो! बंद होताना लायब्ररी आधी 'मोडल' आहे का ते विचारते. नाही म्हटल्यावर पडदा काढायच्या भानगडीत ती पडतच नाही. संपूर्ण पान काळवंडलेलं, आणि कशावरही टिचकी मारता येत नाही. म्हणून क्रम पाळा : आधी बंद करा, मग सेटिंग बदला, मग उघडा. बंद होतानाचं ॲनिमेशन लावलेलं असेल तर 'क्लोज' हा इव्हेंट ते संपल्यावर येतो. परत उघडणं त्या इव्हेंटमध्ये करा.

चढवणं चालू असताना बंद होऊ द्यायचं नाही, यासाठी लोक एस्केपची सेटिंग बदलतात, फुली लपवतात, आणि काहीतरी तिसरं विसरतात. त्यापेक्षा 'बिफोर-क्लोज' हा इव्हेंट घ्या. त्यातून 'खोटं' परत केलं की डायलॉग बंद होत नाही, मग कुणी फुली दाबो की एस्केप. बाहेर एक व्हेरिएबल ठेवा, 'काम चालू आहे' असं. ते खरं असेपर्यंत 'खोटं' परत करत राहा. मात्र ही अडवणूक तुमच्या स्वतःच्या 'क्लोज' हाकेलाही लागू होते. तेव्हा काम संपल्यावर आधी व्हेरिएबल बदला आणि मगच बंद करा.

एचटीएमएलचा स्वतःचा डायलॉग

क्रोममध्ये हा ३७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये तो मार्च २०२२ मध्ये आला, आणि तेव्हापासून तो बिनधास्त वापरता येतो. नवीन कामासाठी मी हाच निवडेन, कारण इथे बहुतेक 'सेटिंग' या सेटिंगच नसतात. शीर्षक म्हणजे आतला एक मथळा, त्याचा मजकूर बदला. बटणं म्हणजे साधी बटणं. रुंदी म्हणजे सीएसएस. 'शो-मोडल'ने उघडल्यावर ब्राउझर त्याला आपणहून मध्यभागी ठेवतो आणि मजकूर वाढला तरी मध्यभागीच राहतो. पोझिशन पुन्हा लिहायची कटकट नाही. अवस्थेनुसार डायलॉगला एक क्लास लावा आणि रुंदी, रंग, पडद्याचा गडदपणा हे सगळं त्या क्लासवरून सीएसएसमध्ये ठरवा. पडद्याला 'बॅकड्रॉप' या स्यूडो-एलिमेंटने रंग देता येतो, आणि क्लास बदलला की उघड्या डायलॉगचा पडदाही लगेच बदलतो.

सीएसएसमध्ये एका सापळ्यात बहुतेक सगळे पडतात. डायलॉगला थेट 'डिस्प्ले फ्लेक्स' दिलं तर बंद असतानाही तो पानावर दिसू लागतो, कारण बंद डायलॉग लपवण्याचा ब्राउझरचा नियम त्यामुळे मोडला जातो. फ्लेक्स हवं तर 'ओपन' हे ॲट्रिब्यूट असलेल्या डायलॉगलाच द्या, किंवा आत एक डिव्ह ठेवून त्याला द्या.

डायलॉगमध्ये फॉर्म असेल तर 'चढवा' या बटणाचा टाईप 'बटन' असा स्पष्ट लिहा. नाहीतर ते सबमिट बटण ठरतं, आणि फॉर्मची मेथड 'डायलॉग' असेल तर काम सुरू व्हायच्या आत डायलॉग मिटलेला असतो.

इथेही न बदलणारी गोष्ट तीच : मोडल आहे की नाही. 'शो'ने उघडलेल्या डायलॉगवर 'शो-मोडल' बोलावलं तर सरळ एरर येतो. हे जेक्वेरी यूआयच्या गप्प बसण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. बंद करून दुसऱ्या मेथडने उघडायचं, एवढाच मार्ग. पण 'क्लोज' हा इव्हेंट बंद केल्याच्या क्षणी येत नाही, किंचित मागून येतो. तुम्ही एका ओळीत बंद केलंत आणि पुढच्याच ओळीत उघडलंत, तर इव्हेंट येईपर्यंत डायलॉग पुन्हा उघडलेला असतो. 'क्लोज' इव्हेंटमध्ये खोकी रिकामी करण्याचा कोड असेल तर उघड्या डायलॉगमधली माहिती वापरणाऱ्याच्या डोळ्यादेखत पुसली जाते. त्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत डायलॉगचं 'ओपन' तपासा. खरं असेल तर काही न करता परत फिरा. या उघडझाकीत फोकसही हलतो, तेव्हा बंद करण्याआधी तो कुठे होता ते टिपून ठेवा आणि उघडल्यावर तिथेच परत द्या.

'ओपन' ॲट्रिब्यूट हाताने काढून डायलॉग बंद करायचा मोह टाळा. डायलॉग दिसेनासा होतो, पण 'क्लोज' इव्हेंट येत नाही, आणि काही ब्राउझरांत मागचं पान अडकलेलंच राहू शकतं. त्याचप्रमाणे उघड्या मोडल डायलॉगला उचलून पानात दुसरीकडे हलवू नका. हलवताच त्याचं मोडलपण जातं.

एस्केप अडवायचं कसं? जुना मार्ग म्हणजे 'कॅन्सल' इव्हेंट थोपवणं. पण क्रोममध्ये लागोपाठ दोनदा एस्केप दाबलं तर डायलॉग तरीही बंद होतो. वापरणाऱ्याला कुठल्याही पानाने कोंडून ठेवू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. नवीन ब्राउझरांत 'क्लोज्ड-बाय' हे ॲट्रिब्यूट आहे. त्याची किंमत 'नन' केली की एस्केप चालत नाही, 'क्लोज-रिक्वेस्ट' केली की एस्केप आणि अँड्रॉइडचं मागे जाणं चालतं, 'एनी' केली की बाहेर टिचकी मारूनही बंद होतो. हे ॲट्रिब्यूट गरज पडेल तेव्हा वाचलं जातं, त्यामुळे डायलॉग उघडा असतानाच बदला, लगेच लागू होतं. जुने ब्राउझर त्याकडे दुर्लक्ष करतात, म्हणून 'कॅन्सल' इव्हेंटही सोबत ठेवा. आणि अडवताय तर निदान 'रद्द करा' असं एक चालणारं बटण आत द्या. चढवणं अर्ध्यावर अडकलं आणि बाहेर पडायला वाटच नाही, असा डायलॉग बनवणाऱ्याला लोक शिव्या घालतात आणि ते बरोबरच आहे.

बूटस्ट्रॅपचा मोडल

थोडक्यात. रुंदीसाठी आतल्या 'मोडल-डायलॉग'वर लहान, मोठा किंवा अतिमोठा आकार देणारा क्लास बदला, तत्काळ लागू होतो. मजकुराने उंची वाढली तर 'हँडल-अपडेट' बोलवा. पडदा आणि कीबोर्डच्या सेटिंग मात्र तयार होताना दिलेल्याच राहतात. 'गेट-ऑर-क्रिएट-इन्स्टन्स'ला नव्या सेटिंग दिल्या तरी इन्स्टन्स आधीच तयार असेल तर त्या सेटिंग गुपचूप टाकून दिल्या जातात. इंटरनेटवर बरेच जण अंडरस्कोरने सुरू होणारी आतली कॉन्फिग थेट बदलायला सांगतात. चालतं, पण तो भाग लायब्ररीचा खासगी आहे आणि पुढच्या आवृत्तीत तो तसाच राहील याची हमी नाही. बंद होणं अडवायचंच असेल तर 'हाईड' इव्हेंट थोपवा. लपवून लगेच दाखवायचं असेल तर 'हिडन' इव्हेंटची वाट बघा, कारण ॲनिमेशन चालू असताना दिलेली हाक बूटस्ट्रॅप कानाआड करतो.

पायरी ३ : बदल एकाच जागेवरून करा

शीर्षक एका फंक्शनमध्ये, बटण दुसऱ्यात, फुली तिसऱ्यात असं विखुरलं की कधीतरी 'पूर्ण झालं' या शीर्षकाखाली निष्क्रिय बटण दिसणार हे नक्की. आपल्या डायलॉगच्या अवस्था चार : निवड, चढवणं चालू, पूर्ण, फसलं. एकच फंक्शन लिहा, त्याला अवस्थेचं नाव द्या, आणि त्या अवस्थेत शीर्षक काय, कोणती बटणं चालू, रुंदी किती, बंद करता येतं का, हे सगळं ते फंक्शन दर वेळी पूर्ण ठरवू द्या. 'आधी काय होतं' याचा विचार त्यात नको. कोड चार ओळींनी वाढेल, पण चूक शोधायला एकच जागा राहील. 'फसलं' ही अवस्था सुरुवातीलाच लिहून टाका. नंतर ती कुणी लिहीत नाही.

पायरी ४ : न पाहणाऱ्यालाही बदल कळू द्या

शीर्षक बदललं तरी स्क्रीन रीडर ते आपोआप वाचून दाखवेलच असं नाही. डायलॉगचं नाव साधारणपणे उघडताना वाचलं जातं. त्यासाठी डायलॉगमध्ये 'स्टेटस' हा रोल असलेला एक रिकामा डिव्ह सुरुवातीपासून ठेवा आणि 'चढवणं सुरू', 'पूर्ण झालं' असा मजकूर त्यात टाका. डिव्ह आधीपासून हवा. मजकुरासकट ऐनवेळी घातलेला डिव्ह कित्येकदा वाचला जात नाही. ज्या बटणावर फोकस आहे ते काढायचं किंवा निष्क्रिय करायचं असेल तर आधी फोकस दुसऱ्या बटणावर न्या, आपल्या उदाहरणात 'रद्द करा'वर.

पायरी ५ : मोडून बघा

डायलॉग उघडा, ओढून कोपऱ्यात न्या आणि मग रुंद होऊ द्या. चढवणं चालू असताना एस्केप दोनदा दाबा. नेट तोडा आणि 'फसलं' या अवस्थेतून बाहेर पडता येतं का बघा. माऊसला हात न लावता, नुसत्या टॅब की वर सगळं काम करून बघा. खिडकी अरुंद करा.

शेवटी डायलॉग बंद करून पुन्हा उघडा. पानावर डायलॉग एकच असतो आणि तुम्ही केलेले बदल तो बंद झाल्यावरही लक्षात ठेवतो. त्यामुळे दुसऱ्यांदा उघडताना मागच्या खेपेचं 'पूर्ण झालं' हे शीर्षक आणि जुनी यादी तशीच समोर येते. सगळं मूळपदावर आणायचं काम 'क्लोज' इव्हेंटवर सोपवू नका. तो कधी मागून येतो, कधी येतच नाही. उघडणाऱ्या ओळीच्या अगदी वर, पायरी ३ मधलं फंक्शन 'निवड' ही अवस्था देऊन बोलवा.